कंधारचा किल्ला आपला नाही?

वस्तीतल्या मुलांना कंधारचा किल्ला दाखवायचं ठरलं, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मला अडवलं. "सर, राजांचे महाल बघून आपल्याला काय मिळणार? त्यांनी तर आपल्याला वेशीबाहेर ठेवलं." त्याचा राग खरा आहे. निष्कर्ष मला मान्य नाही.

मन्याडकाठचा हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, त्यामुळे संरक्षणाची भिस्त पाण्याने भरलेल्या खंदकावर. सुरुवात १० व्या शतकात, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात झाली असं मानतात. पुढे बहमनी, अहमदनगरची निजामशाही, १६३१ मध्ये मोगल, शेवटी हैदराबादचा निजाम. आत लाल महाल आहे. गावाजवळचा तलाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग ही राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाची पदवी. राजाने किल्ला बांधला, राजाने तलाव खोदला, असं आपणही बिनदिक्कत लिहितो. राजाने मातीचं एक टोपलं तरी उचललं होतं का? दगड फोडणं, गाळ उपसणं ही कामं ज्या जातींच्या माथी मारली होती, त्यांचे हात या भिंतींना लागले आहेत. मग किल्ला परका कसा?

आणि बाबासाहेब किल्ले बघायला गेलेच होते की! १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादला गेले. प्रवासाची धूळ धुवायला काहींनी दरवाजाजवळच्या हौदाचं पाणी घेतलं. हौद बाटवला म्हणून शिवीगाळ सुरू झाली, जमाव जमला. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत राहील. ओरडणारे मुसलमान होते. हिंदूंचा अस्पृश्य हा मुसलमानालाही अस्पृश्यच असतो, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला.

म्हणून कंधारला मी महालाआधी खंदकावर थांबणार आहे. हा खणला कोणी? यातलं आणि तलावातलं पाणी भरायची मुभा कोणाला होती? याचं उत्तर महालाच्या कमानीत सापडणार नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आयाबायांकडे सापडेल. त्या लहानपणी पाणी कुठून आणायच्या, कोण वरून ओतायचं, कोणत्या विहिरीवर चढू देत नव्हते, हे विहिरीच्या नावासकट वहीत उतरवून घ्या. त्या आहेत तोवरच.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता किल्ल्याच्या दरवाजाशी जमायचं. वही-पेन आणा. पाण्याची बाटलीही आणा, ऊन फार आहे.

जय भीम!