संसार आणि कायदा : घाबरून पुसू नका!



गेल्या आठवड्यात शाळेतून येऊन चहाचं आधण ठेवते न ठेवते, तोच शेजारच्या वहिनी दारात. हातात पोलिसांची नोटीस नि डोळ्यांत पाणी. "बाई, जरा वाचून सांगा हो. माझा मुलगा चोर आहे का?"

मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. मित्र म्हणाला, "तुझं बँकेचं खातं चार दिवस वापरायला दे. गेमचे पैसे यायचेत, तुला दोन हजार देतो." यानं कार्ड दिलं, दोन हजार घेतले. खात्यात आलेली रक्कम निघाली परगावच्या एका वृद्ध गृहस्थांना फोनवरून फसवून काढलेली! नोटीस येताच पोरानं पहिलं काम काय केलं, तर मित्राचे निरोप मोबाइलमधून पुसायला घेतले. वहिनींनी फोन हिसकावून घेतला म्हणून निम्मे तरी वाचले.

आजचं माझं सांगणं तेवढंच आहे. घाबरून काही पुसू नका.

अमेरिकेत संगणक-गुन्ह्यांचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. आपल्याकडे सगळ्या देशाला एकच, २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा. तपास मात्र राज्याचे पोलीस करतात. संगणक किंवा मोबाइल वापरून, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं, तर कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. जोडीला भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम लागलं, तर सात वर्षांपर्यंत.

पण फसवणुकीत हेतू पाहतात. नुसतं 'मला माहीत नव्हतं' म्हणून भागत नाही, ते दिसावं लागतं. आणि ते दिसतं कुठं? त्याच निरोपांत! मित्रानं 'गेमचे पैसे' असं लिहिलं होतं, हाच या मुलाचा आधार. तो पुसला, तर आधार तर जातोच, शिवाय पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो.

मग करायचं काय?

नोटीस खरी आहे का, ते आधी पाहा. हजर राहण्याची अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. व्हिडिओवर 'डिजिटल अटक' करणारा तर भामटाच, कायद्यात तसं काही नाही. अशा वेळी १९३० वर कळवा.

नोटीस खरी असेल, तर ठरल्या दिवशी हजर राहा. टाळाटाळ केली की अटकेला निमित्त मिळतं. जाण्यापूर्वी वकिलांना भेटा. बँकेचा खातेउतारा काढून ठेवा. मोबाइल जप्त झाला, तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

वकिलाला पैसे नसतील, तरी खचू नका. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोठडीत असलेल्यालाही मिळतो. १५१०० वर चौकशी करता येते.

वहिनींना मी म्हटलं, "चोर आहे की नाही, ते कोर्ट ठरवील. पण नुसतं खातं दिल्याचे दोन हजार कुणी का देईल, हे त्यानं विचारायला हवं होतं. ते दोन हजारही वकिलांपासून लपवू नका." वहिनी गप्प झाल्या. चार दिवसांनी मायलेक वकिलांकडे जाऊन आले. प्रकरण अजून चालू आहे.

तुम्ही एक करा. आज रात्री पानं वाढताना मुलांना सहज विचारा, "तुझं बँकेचं कार्ड कुठं आहे रे?" ते मित्राकडे असेल, तर उद्याच बँकेत जाऊन बंद करून घ्या.