धाकाची नोंद कुठे?

कुर्डुवाडीच्या विहारात रविवारी आम्ही मुलांना बुद्धिबळाचा पट मांडून देतो. परवा एका मुलीने वजिराने प्यादे मारले. टाळ्या पडल्या. समोरच्याने नुसता हत्ती सरकवला आणि वजीर सापडला! पोर रडवेली झाली, म्हणून आम्ही ॲलन ट्युरिंगचा डाव सांगितला.

या इंग्रज गणितज्ञाने संगणकासाठी मोहऱ्यांचे भाव ठरवले: प्यादे १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. दोघांची एकेक चाल पाहायची, पुढे फक्त मारामारी संपेपर्यंत जायचे, मग बेरीज. चालवायला तसा संगणक नव्हता. १९५२ साली तो स्वतःच कागदावर आकडे मांडून अलिक ग्लेनीशी खेळला. एकोणतिसाव्या चालीला हिशेबाने वजिराकडून प्यादे मारवले. ग्लेनीने हत्ती सरकवला. मारले काहीच नाही, नुसता धाक! तो हिशेबात आलाच नव्हता. (आम्हा कारकुनांच्या खतावणीतही येत नाही.) ट्युरिंगने डाव सोडला.

"काका, मोठ्या माणसाचंही असंच झालं?" म्हणत तिने मोहरी पुन्हा मांडली.