चिरपोटीचं बी

आज लिहायला निमित्त झालं ते अंगणात गळून पडलेल्या पहिल्या चिरपोटीचं.

चिरपोटी म्हणजे कागदी कंदिलासारख्या टरफलातलं लहानसं, पिवळं, आंबटगोड फळ. कोणी हिला पोपटी म्हणतं, कोणी ढोलफुगडी. बाजारातली रसभरी ही हिचीच मोठी बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतली. चिरपोटी मात्र कुणी पेरत नसे. मृगाचा पाऊस झाला की होटगीच्या काळ्या रानात बांधाला आपोआप उगवायची. भाद्रपद-आश्विनात आम्ही पोरं शाळेतून येताना खिसे भरायचो. फुगीर टरफल कपाळावर आपटून 'फट्' वाजवायचं, हा खेळ वेगळाच!

खुरपणाऱ्या बायका एखादं झाड मुद्दाम राखत. मी मात्र माणसं मिळेनात म्हणून सहा वर्षांपूर्वी बांधासकट तणनाशक मारून घेतलं. बांध स्वच्छ झाला, चिरपोटीही गेली. दोष माझाच. नात म्हणाली, "आजोबा, ती फट् वाजणारी दाखवा ना," तर दाखवायला एक रोप नव्हतं.

शेवटी मंद्रूपच्या अक्काने चिमूटभर बी दिलं. तिने पूर्वी आमच्याच बांधावरची फळं नेऊन परसात टाकली होती. म्हणजे बी माहेरी परतलं!

बी फार बारीक. राखेत मिसळून जेमतेम मातीआड पेरलं. उगवल्यावर चार-सहा पानांची रोपं अंगणात लावली. तोडणी नाहीच, टरफल वाळलं की फळ आपणहून पडतं, तेच वेचायचं. हिरवं खाऊ नये, बाधतं. बियाण्यासाठी पिकली फळं पाण्यात कुस्करून दिवसभर ठेवायची, तळाला बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवायचं.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण टाळ्या वाजवल्या आणि मोकळे झालो. माझं मत असं की बी डबीत ठेवून टिकत नाही, वाटून टिकतं. माझ्याकडचं मी घालवलं. अक्काकडे गेलेलं तेवढं वाचलं.

यंदा पुरचुंड्या बांधून ठेवल्या आहेत. दिवाळीला येणाऱ्याने एकेक न्यावी. आणि बांधावर एक तरी झाड राखावं. बघा, पटतंय का.