एक कान मोकळा

इयरफोन काढा असं सांगायला मी काही रेक्टर नाही. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, गाण्यांशिवाय डोंबिवली ते दादर जो जाऊ शकतो त्याला माझा साष्टांग नमस्कार!

शनिवारी घरी, रविवारी रात्री हॉस्टेलवर. सोबत मामाचा जुना आयपॉड. (ॲपलनं तो २०२२ साली बंद केला. माझा चालतो, पण बॅटरी जेमतेम ठाण्यापर्यंत.)

गेल्या महिन्यात पुलावर गर्दी म्हणून रूळ ओलांडत होतो. दोन्ही कानांत गाणं फुल्ल. मागून एका काकांनी सॅक धरून असं खेचलं की मी खडीवर आपटलो. शिवी देणार, तेवढ्यात समोरून फास्ट धडधडत गेली. भोंगा म्हणे केव्हाचा वाजत होता. मला थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही.

सोनीच्या १९७९ च्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लागायचे आणि वर एक केशरी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होई, माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू येई. एकट्यानं ऐकणं उद्धटपणाचं दिसेल, असं अकिओ मोरितांना वाटलं होतं. पुढे ते बटण गेलं. आणि आता आपण बाहेरचा आवाज बंद करणाऱ्या हेडफोनसाठी जास्तीचे पैसे मोजतो!

डब्यात बसल्यावर खुशाल ऐका. पण दारात, प्लॅटफॉर्मवर एक कान मोकळा ठेवा. आणि पूल चढा रे.

त्या काकांना मी दर रविवारी शोधतो. चेहरा पाहिलाच नव्हता, हातातली भाजीची पिशवी तेवढी आठवते.