आधी तेल, मग पेट्रोल

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडे दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत प्रेशर वॉशर येतोच. ड्राइव्हवेवर शेवाळ, डेक काळा पडलेला, आणि शेजाऱ्याकडे तर तो कधीचाच आलेला! माझं मत असं (कुणी विचारत नाही म्हणूनच लिहितोय): तेल-पेट्रोल बघायची सवय नसेल तर पेट्रोलवरचं मशीन घेऊच नका. विजेवरचं घ्या, नाहीतर दिवसाच्या भाड्यानं आणा.

का? तर आपण सॉफ्टवेअरवाले एररच्या भरवशावर जगणारी माणसं. साधा सेमिकोलन राहिला तरी कंपायलर बोंबलतो. हे इंजिन बोंबलत नाही. नवीन मशीन बहुतेक वेळा इंजिनात तेल न घालताच येतं. तसा कागद हँडलला लटकवलेला असतो, आणि खोक्यातून काढताना तोच आधी फाडला जातो. मग पेट्रोल भरलं, दोरी ओढली की पठ्ठ्या सुरूही होतो! काही मिनिटं झकास चालतो आणि मग जाम. तेल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय बऱ्याच घरगुती मॉडेल्सना नसते.

त्यात भारतातून आलेले बाबा शेजारी उभे असतात. "पेट्रोलमध्ये ऑइल टाकलंस ना रे?" चेतक वापरलेल्या पिढीचा प्रश्न आहे, आणि टू-स्ट्रोक स्कूटरसाठी अगदी बरोबर होता. पण प्रेशर वॉशरचं इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक असतं. तेल वेगळं, साधारण अर्धा लिटर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं. पेट्रोल वेगळं, निखळ. इथे मिश्रण केलं की धूर होतो, प्लग काळा पडतो, आणि मुख्य म्हणजे तेल घातल्याचं समाधान मिळून खरी जागा कोरडीच राहते.

डिपस्टिकचीही गंमत आहे. काही इंजिनांत ती आटे फिरवून पूर्ण बसवून मोजायची, काहींत नुसती आत टेकवून. मशीन सपाट जागी हवं. जास्त तेलही वाईटच. पंपाचं तेल हा निराळाच विषय, तो मॅन्युअलमध्ये बघा.

पेट्रोलचं दुखणं मात्र वापरण्यात नाही, न वापरण्यात आहे. भारतात २०२५ मध्ये ई-२० वरून जो धुरळा उडाला, त्याचं हे धाकटं भावंड. इथलं नेहमीचं ८७ ऑक्टेन, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल चालतं. स्वस्त दिसतं म्हणून ई-१५ भरू नका, छोट्या इंजिनांत ते भरायला कायद्यानंच मनाई आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिना-दोन महिन्यांत पेट्रोल शिळं होतं, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेलं कार्बुरेटरच्या बारीक भोकात चिकटा होऊन बसतं. वर्षातून दोनदा वापरणाऱ्याचं मशीन असंच मरतं. त्यानं स्टॅबिलायझर घालावा, नाहीतर टाकी रिकामी करून ठेवावी. आणि मध्येच पेट्रोल संपलं तर आधी इंजिन थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर ड्राइव्हवे राहील बाजूला!

एवढी कटकट नको असेल तर भाड्याचं बरं. पण त्याचीही दोरी ओढण्याआधी डिपस्टिक एकदा बघा. दुकानातल्या पोरानं बघितली असेलच, असं नाही.