एकशे दहा रुपयांचा त्रिकोण

'बेंच'वर बसलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि पैसे खर्च करायची हिंमत अजिबात नसते. आयटीवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. प्रोजेक्ट संपलंय, दुसरं मिळालेलं नाही, पगार चालू आहे पण कधीपर्यंत ते कुणी बोलत नाही... म्हणजे बेंच. माझा सध्या तिसरा महिना. जिम बंद, वीकेंडचं बाहेर खाणं बंद. घरी मात्र 'काम जाम आहे गं' हेच चालू ठेवलं होतं. आई साताऱ्याला, तिला कशाला टेन्शन?

तर एका शनिवारी मॉलमध्ये (फक्त बघायला हं!) क्रोशाचा एक टॉप दिसला. किंमत वाचून हँगर हळूच परत अडकवला. 'हे तर आपणही करू शकतो!' हेच वाक्य मी यापूर्वी गिटार, साल्सा आणि जर्मन भाषेबद्दल म्हटलेलं असल्यामुळे यावेळी बजेट आधीच ठरवलं. दीडशे रुपये. वर एक पैसा नाही.

ऑनलाइन पाहिलं तर 'बिगिनर किट' हजाराच्या घरात! बारा सुया, रंगीत मार्कर, वर झिपवाली पर्स. मी सरळ तुळशीबाग गाठली. चार एमएमची अ‍ॅल्युमिनियमची सुई ४० रुपये, लोकरीचा गुंडा ७०. मला काळी लोकर हवी होती. दुकानातल्या काकांनी वर बघितलं, "नवीन शिकताय ना? मग फिकट घ्या. काळ्यात घरं दिसत नाहीत." पिवळी घेतली. काकांचा शब्द लाखमोलाचा निघाला. तोरणं, रुमाल करायची ती बारीक पोलादी सुई आणि बारीक दोरा सुरुवातीला अजिबात घेऊ नका. मार्करच्या जागी सेफ्टी पिन चालते. जुना स्वेटर उसवूनही लोकर मिळते, पण तो हातानं विणलेला हवा. मी हौसेनं एक रेडिमेड उसवायला घेतला, तर हातात वीतभर लांबीचे तुकडे. तो कापून शिवलेला होता!

मग व्हिडिओ लावला. बाई 'सिंगल क्रोशे' म्हणतेय. दुसरी बाई अगदी तेच करतेय आणि त्याला 'डबल क्रोशे' म्हणतेय. दोन तास डोकं फोडल्यावर कळलं, पहिली अमेरिकन होती आणि दुसरी ब्रिटिश. एकाच टाक्याला दोन्हीकडे वेगळी नावं आहेत. धन्य!

पहिली ओळ घालायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, खरा क्रोशा हातानंच करावा लागतो. म्हणजे मॉलमधला तो टॉपही कुणीतरी बसून, एकेक टाका घालून केला असणार. आंध्रातल्या नरसापूर भागातल्या बायका तर पिढ्यानपिढ्या हे काम करतायत. किमतीच्या त्या आकड्यातले करणारीच्या हातात किती पडले असतील, हा हिशेब मी मांडला नाही. बरं वाटलं नसतं.

आठवडाभरानं स्कार्फ करायला घेतलेल्या वस्तूचा चक्क समोसा झाला. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, खांब घालतेयस की काय? कॅमेरा खाली घे. किती घातले होतेस?"

"वीस."

"आणि आता किती आहेत? मोज."

चौदा.

आई खळखळून हसली. मग नीट सांगितलं. ओळ सुरू करताना ज्या तीन साखळ्या घालतो, तोच त्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या टोकात घालायचा. मी तो दर ओळीला विसरत होते. त्यामुळे दर ओळीला एक घर कमी. "उसव सगळं. लोकर कुठे जात नाही."

उसवायला घेतलं. मान खाली होती, आईकडे बघावं लागत नव्हतं, म्हणूनच असेल. बोलून गेले. "आई, मला काम नाहीये सध्या."

पलीकडे शांतता.

"कधीपासून?"

"तिसरा महिना."

"आणि मला सांगतेस, काम जाम आहे." थोडं थांबून, "पगार येतोय?"

"येतोय अजून."

"भाडं?"

"दिलंय."

"बरं. आता बावीस साखळ्या घाल, वीस खांब बसतील. आणि जरा सैल हातानं गं, किती आवळतेस!"

आता रोज रात्री कॉल असतो. लग्नाचा विषय अजून तरी निघालेला नाही, खांब मोजण्यात वेळ जातो. स्कार्फ दीड वीत झालाय, कडा बऱ्यापैकी सरळ आहेत. सोमवारी एक इंटरव्ह्यू आहे. आईनं बजावलंय, सुई आणि लोकर पर्समध्ये टाक, तास तासभर बाहेर बसवून ठेवतात मेले.