परदेशातल्या संसारात तिचा रकाना

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी कायमचे राहायला जाणे आता ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत नवलाचे राहिलेले नाही. व्हिसा, तिकीट, राहता फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. तिथे गेल्यावर बाईच्या हातात दरमहा किती पैसे राहतील, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. ‘मुलगा आहे ना!’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते.

जिने ३० वर्षे डोंबिवली लोकलला लोंबकळत नोकरी केली, परतीच्या गाडीत संध्याकाळची भाजी निवडली, तिला साठीनंतर बसच्या तिकिटासाठी मुलापुढे हात पसरावा लागतो. आमच्याकडे बोलायला येणाऱ्या बायका मुलाला दोष देत नाहीत. मागितले की देतो, म्हणतात. मागावे लागते, हेच तर दुखणे आहे.

जरा हिशेब मांडू. ४० हजार रुपये निवृत्तिवेतन असलेली बाई कल्याणला स्वतःच्या घरात नीट राहू शकते. अमेरिकेत त्याचे ५०० डॉलरही होत नाहीत. १९९० साली डॉलर सतरा-अठरा रुपयांना होता, आज ऐंशीच्या वर आहे. आणि आपला महागाई भत्ता इथल्या किमतींवर ठरतो, तिथल्या नव्हे. पण ही झाली भाग्यवान बाई. एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कामगार बाईसाठी भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरले, ते दरमहा १००० रुपये. आणि जिने आयुष्यभर घरच सांभाळले, तिच्या नावे तेवढेही नाही.

औषधपाण्याचा खड्डा सर्वांत खोल. अमेरिकेत पासष्टीनंतरची सरकारी ‘मेडिकेअर’ योजना ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना सलग ५ वर्षे तिथे राहिल्याशिवाय घेता येत नाही. त्यानंतरही, तिथे नोकरी केलेली नसल्याने, रुग्णालयाच्या विम्याचा मोठा हप्ता स्वतः भरावा लागतो. इथली नोकरीची वर्षे तिथे धरली जात नाहीत.

वहीची दुसरी बाजू तर कोणी लिहीतच नाही. ती तिथे नातवंडे सांभाळते, दोन वेळचा स्वयंपाक करते. पाळणाघराचे जे डॉलर त्या घरात वाचतात, ते कोणाच्या कष्टाचे? तिचे नातवंडांवर प्रेम आहे, हे खरेच. म्हणून कामाचे मोल शून्य होत नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात तिच्या नावाचा रकाना हवा आणि दरमहा ठरलेली रक्कम न मागता तिच्या खात्यात जमा व्हायला हवी. ‘आई-बाबांचा खर्च’ असा एकत्र आकडा मांडला की तो बाबांच्याच खिशात जातो, हा अनुभव काही नवा नाही.

फ्लॅट विकण्याची घाई तर मुळीच नको. परत यावेसे वाटले तर यायचे कुठे? मुलाच्या नावे करायचाच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली व्यवहार रद्द करून मागता येतो. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइनही देता येतो. परदेशातून तो कसा द्यायचा, ते जाण्यापूर्वीच बँकेत विचारून घ्यावे, आणि खात्याचा पासवर्ड स्वतःजवळच ठेवावा.